‘तू जा, मी बसमध्ये बसतो’

पत्र थोडक्यात असं आहे. ठाण्याच्या एक वाचक येत्या जूनमध्ये यजमानांसोबत इटलीच्या ग्रुप टूरला निघाल्या आहेत. त्यांचं वय 59, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान 66 वर्षांचे, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातले निवृत्त अभियंते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटं चालतात, मग बसावं लागतं. टूरमध्ये एक दिवस असा आहे की सकाळी फ्लॉरेन्स सोडायचं, वाटेत सान जिमिन्यानो, सिएना आणि ओर्विएतो ही टेकड्यांवरची तीन जुनी गावं पाहायची आणि रात्री रोमला पोचायचं. पत्रकात त्या दिवसापुढे ‘भरपूर चढ-उतार, भरपूर चालणे’ असं लिहिलंय. ते वाचून यजमान एवढंच म्हणाले, “तू जा, मी बसमध्ये बसतो.” नणंदबाईंचं म्हणणं, “दुखणाऱ्या माणसाला परमुलखात बसमध्ये टाकून कसले मनोरे बघायचे?” ताई लिहितात : “युरोपातलं प्रबोधन मी आयुष्यभर फळ्यावर शिकवलं. ती गावं डोळ्यांनी बघायची फार इच्छा आहे. पण ह्यांना सोडून गेले तर माझं मन लागणार नाही, आणि लोक काय म्हणतील? नणंदबाईंना काय सांगू? आणि नाही गेले तर जन्मभर टोचत राहील. ह्यांना तसाही इतिहासात रस नाही. आमच्यामुळे अख्खा ग्रुप खोळंबला तर लोक नावं ठेवतील, तेही नको. तो दिवस दोघांनी बसमध्येच काढावा, की टूरच रद्द करावी?”

नमस्कार ताई,

आधी त्या बसबद्दल बोलू. तुम्ही, तुमचे यजमान आणि नणंदबाई, तिघंही असं धरून चालला आहात की बस ही थंड, सुरक्षित, आरामाची जागा आहे आणि ती दिवसभर हाताशी असणार आहे. तसं नसतं. या गावांच्या जुन्या भागात टूरच्या मोठ्या गाड्यांना प्रवेश नाही. कोच तुम्हाला वेशीबाहेर उतरवतो आणि पार्किंगला निघून जातो. युरोपात चालकांच्या विश्रांतीचे नियम कडक आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते. तो वेळ चालकाचा, गाडीला कुलूप लावून तो जेवायला जाऊ शकतो. शिवाय उभ्या गाडीत नुसता एसी चालावा म्हणून इंजिन सुरू ठेवायला इटलीच्या वाहतूक कायद्याने बंदी आहे आणि दंड चांगला घसघशीत आहे. टस्कनी या तिकडच्या प्रांतात जूनमध्ये दुपारी पारा सहज तिशीपार जातो. अशा उन्हात बंद कोचमध्ये दोन-दोन तास, एसीविना, स्वच्छतागृह कुठे ते माहीत नाही, अशा अवस्थेत 66 वर्षांच्या माणसाने बसणं हा त्याग असेल, पण सोय नक्कीच नाही. म्हणून ‘ते बसमध्ये बसतील’ आणि ‘आम्ही दोघं बसमध्ये बसू’ हे दोन्ही पर्याय आत्ताच खोडून टाका. गाडीतून उतरायचं तर दोघांनीही आहे. उतरल्यावर कोणी कुठे जायचं, एवढंच ठरवायचं राहिलं.

आता यजमानांच्या त्या वाक्याकडे येऊ. तुमच्या पत्रात ते एकदाच आलंय. लोक काय म्हणतील हे मात्र पुन्हा पुन्हा आलंय, कधी नणंदबाईंच्या तोंडून, कधी ग्रुपच्या नावाने. यजमानांना विचारलंत का, की बसमध्ये का बसायचंय? गुडघ्यांच्या भीतीने, की पंचवीस-तीस अनोळखी माणसांसमोर मागे पडायला नको म्हणून? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. दुखण्याची भीती असेल तर डॉक्टर, काठी, वेळ आणि नीट आखलेला रस्ता यांनी बरंच काम होतं. चारचौघांत लंगडत चालायचा संकोच असेल तर त्यावर गोळी नाही. तिथे त्यांना असा कार्यक्रम हवा ज्यात मागे पडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते कोणाच्या मागे चाललेलेच नाहीत.

आणि ‘ह्यांना इतिहासात रस नाही’ हे तुमचं वाक्य मला फारसं पटलेलं नाही. राजे, लढाया, चित्रं आणि चर्च यांत त्यांना रस नसेल, ते मी मान्य करते. पण ज्या माणसाने उभं आयुष्य एका शहराला पाणी पोचवण्यात घालवलं, त्याला टेकडीच्या माथ्यावर वसलेली तीन गावं दाखवली तर तो पहिला प्रश्न काय विचारेल? इथे पाणी कुठून आणलं? या गावांच्या इतिहासातला मोठा आणि अवघड प्रश्न नेमका हाच आहे. माणसं टेकडीवर चढून राहिली ती शत्रूपासून बचावासाठी, आणि काही भागांत खालच्या दलदलीपासून, हिवतापापासून दूर राहण्यासाठीही. सिएनाच्या आग्नेयेकडचं कियाना नदीचं खोरं शतकानुशतकं दलदलीचं होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या मोठ्या कामांनंतर ते कोरडं झालं. वर राहिल्यावर तट बांधता येतो, पाणी मात्र वर चढत नाही. ते साठवावं लागतं, दुरून आणावं लागतं, नाहीतर खोल खणावं लागतं. तुमच्या वाटेवरच्या तीन गावांनी हे तीन वेगवेगळे मार्ग धरले. म्हणजे हा दिवस जितका तुमच्या विषयाचा आहे तितकाच त्यांच्याही. म्हणून माझं सांगणं असं, की त्यांना कुठे ठेवायचं याची चिंता सोडा आणि त्यांना त्यांचा स्वतःचा कार्यक्रम आखून द्या.

सान जिमिन्यानोपासून सुरुवात करू. कोच बहुधा पोर्ता सान जोवान्नी या दक्षिणेकडच्या वेशीजवळ उतरवतो. तिथून त्याच नावाचा रस्ता सरळ चढत गावाच्या मध्यावर जातो. अंतर तीन-चारशे मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना दुकानं, चढ आहे पण सलग. यजमानांच्या वीस मिनिटांच्या हिशेबात हे बसतं, मात्र ग्रुपच्या चालीने नाही. वाटेत दोनदा थांबून, दुकानांच्या काचा बघत जायचं. वर पोचलं की पियात्सा देल्ला चिस्तेर्ना हा तिरपा, त्रिकोणी चौक लागतो. चौकाला नाव मिळालंय ते मधोमध असलेल्या दगडी आडावरून. हे टाकं 1273 मध्ये बांधलं, 1346 मध्ये वाढवलं. खाली पावसाचं पाणी साठवायची जागा, वर आड. आपल्या गडांवरची कातळात खोदलेली टाकी आठवा, विचार तोच. आडाच्या काठावर दोरांनी घासून पडलेल्या खाचा आहेत. आडाभोवती पायऱ्या आहेत, लोक तिथे बसतात, पण दुखऱ्या गुडघ्यांना पायरीवर बसून उठणं जड जातं. म्हणून चौकातल्या कॅफेत खुर्ची घ्या. इटलीत उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त असते, टेबलावर बसलं की तीच दुप्पट-तिप्पट होते. ते खुर्चीचं भाडं आहे, ते बिनधास्त द्या. कॉफी घेतली की स्वच्छतागृहाचीही सोय होते.

ते बसले की तुम्ही मोकळ्या. तोर्रे ग्रोस्सा हा गावातला सर्वांत उंच मनोरा, 54 मीटरचा, अगदी शेजारच्या चौकात आहे. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. तुमची छाती ठीक असेल तर चढा. वरून गावाचे उरलेले मनोरे एका नजरेत दिसतात. एकेकाळी इथे 72 मनोरे होते असं सांगतात, आज 14 उभे आहेत. श्रीमंत घराणी चढाओढीने मनोरे बांधत. शेवटी खासगी मनोरा सरकारी मनोऱ्यापेक्षा उंच नेऊ नये असा नियम गावाला करावा लागला. रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग गावातून जायचा, केशराचा व्यापार होता, पैसा होता. 1300 मध्ये कवी दांते फ्लॉरेन्सचा दूत म्हणून इथे बोलणी करायला आला होता. मग 1348 ची प्लेगची साथ आली. गावातली माणसं गेली, व्यापार मोडला आणि 1353 मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली गेलं. पुढे जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा गावाकडे राहिला नाही. फ्लॉरेन्समधले बहुतेक मनोरे पाडले गेले, नवी बांधकामं झाली. इथले टिकले ते गरिबीमुळे. वर्गात हे सांगता येतं, पण त्या मनोऱ्यावर उभं राहून खालचा गाव किती लहान आहे ते पाहिलं की ते खरं कळतं. एवढ्यासाठी तुम्ही एकटीने वर जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

गावाच्या वेशीबाहेर मध्ययुगीन पाणवठाही आहे, कमानींचा, सुंदर. तिकडची उतरण तीव्र आहे. यजमानांना तिकडे नेऊ नका, पाण्याचा विषय निघाला म्हणून ते हट्ट धरतील तरीही. झिजलेल्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. म्हणून वेशीकडे परत येताना, रस्ता उताराचा असला तरी, चढताना लागला तितकाच वेळ धरा. सगळ्यांच्या पंधरा मिनिटं आधी निघा.

सिएना हे त्या दिवसाचं मुख्य गाव. माझं स्पष्ट मत आहे की तीनपैकी एकच गाव नीट पाहायचं असेल तर ते हे. इथे एक अडचण आहे. कोच कुठे उतरवणार यावर सगळं अवलंबून आहे. काही ठिकाणांहून मुख्य चौक एक किलोमीटरच्या जवळपास पडतो. फोन्तेब्रांदाकडच्या बाजूने मात्र टेकडीच्या पोटातून वर नेणारे सरकते जिने बसवलेले आहेत, स्टेशनकडूनही आहेत. टॅक्सीला जुन्या गावात जाता येतं. टूर मॅनेजरला आधी सांगून ठेवलं तर तो उतरण्याच्या जागी टॅक्सी बोलावून देऊ शकतो. भाडं तुम्ही द्यायचं. इटलीच्या टूरवर जो खर्च झाला आहे त्यापुढे हे भाडं काहीच नाही. तिथे काटकसर करू नका.

पियात्सा देल काम्पो हा चौक शिंपल्यासारखा आतल्या बाजूला उतरत जातो. लाल विटांचे नऊ पाचरीसारखे भाग, मधून पांढऱ्या दगडाच्या रेघा. हे नऊ भाग म्हणजे 1287 ते 1355 या काळात शहराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची खूण. दोन महिने काम करायचं आणि दुसऱ्यांना जागा द्यायची, अशी त्यांची रीत होती. तुम्हाला हे मंडळ दिसेल. तुमच्या यजमानांना दिसेल की नऊही भागांचा उतार खालच्या टोकाला पालात्सो पुब्लिको या शहराच्या कारभाराच्या राजवाड्यासमोर एकत्र येतो आणि पावसाचं सगळं पाणी तिथल्या मोरीतून जातं. चौकाच्या वरच्या अंगाला फोन्ते गाया हा हौद आहे. तिथे पाणी पहिल्यांदा 1342 मध्ये आलं. ते आलं बोत्तिनी नावाच्या भुयारी कालव्यांतून. शहराच्या पोटात आणि आसपास मिळून हे जाळं सुमारे 25 किलोमीटर लांब आहे, माणसांनी हाताने खोदलेलं. अगदी मंद उतार देऊन, पंपाशिवाय, दूरच्या झऱ्यांचं पाणी टेकडीवरच्या शहरात खेळवलं होतं. सिएनाला मोठी नदी नाही, म्हणून हा खटाटोप. त्या हौदावरची शिल्पं याकोपो देल्ला क्वेर्चा याने 1419 मध्ये पुरी केली. आज चौकात आहेत त्या प्रती, मूळ शिल्पं गावातच संग्रहालयात जपली आहेत. चौकाच्या कडेने सावलीत कॅफे आहेत. हौद दिसेल अशा टेबलावर त्यांना बसवा. लोक तिथे विटांवर मांडी घालून किंवा चक्क आडवे पडून ऊन खातात. यजमानांनी तसं करू नये, उठताना हाल होतील.

तुम्हाला सिएनामध्ये दोन तास मिळाले तर सगळे कॅथेड्रलकडे जातील. पट्ट्यापट्ट्यांचं काळं-पांढरं संगमरवर, शेजारी उभी असलेली अर्धवट भिंत. हे कॅथेड्रल आणखी प्रचंड करायचं काम 1339 मध्ये सुरू झालं होतं, पण प्लेगनंतर ते बारगळलं. त्याची ती भिंत. पाहण्यासारखंच आहे. पण तुम्हाला माझा सल्ला वेगळा आहे. तुम्ही चौकातल्याच पालात्सो पुब्लिको या राजवाड्यात जा. तिथे त्या नऊ जणांच्या बैठकीच्या दालनात अंब्रोजो लोरेन्झेत्ती याने 1338-39 मध्ये भिंतींवर चांगल्या आणि वाईट कारभाराचे परिणाम रंगवले आहेत. चांगला कारभार असलेल्या शहरात गवंडी इमारत बांधतायत, दुकानं उघडी आहेत, नाचणाऱ्यांचा फेर धरलाय, शेतकरी वेशीतून जनावरं घेऊन ये-जा करतायत. राज्यकर्ते जिथे बसून निर्णय घेत तिथेच त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लावलेलं. नागरिकशास्त्राचा असा धडा दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. यात एक सोयही आहे. राजवाडा चौकातच आहे, यजमान खाली शंभर पावलांवर आहेत, फोन केला की पाच मिनिटांत तुम्ही त्यांच्याजवळ. मन लागणार नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याचं हे उत्तर आहे. तिकीट वेगळं पडतं. ते दालन त्या दिवशी उघडं आहे का हे आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या. जुन्या चित्रांचं जतनाचं काम अधूनमधून चालू असतं.

तुमची टूर जूनअखेरीला असेल तर आणखी एक. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला याच चौकात पालिओची घोड्यांची शर्यत असते. आधीचे काही दिवस चौकाच्या कडेने माती पसरलेली असते, लाकडी मांडव घातलेले असतात आणि गर्दी उसळते. ज्यांना गुडघ्यांचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांनी त्या दिवसांतली टूर घेताना दोनदा विचार करावा.

ओर्विएतोपर्यंत दोघंही दमलेले असाल. ग्रुपही दमलेला असेल. पण तिन्ही गावांत पायांना सर्वांत सोपं गाव हेच. गाव खडकाच्या उभ्या कड्यावर आहे आणि खालच्या रेल्वे स्टेशनापासून वर दोरावर ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी जाते. तुमच्या यजमानांना हे आवर्जून सांगा : 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि खालचा डबा वर ओढला जायचा. 1970 मध्ये ती बंद झाली आणि 1990 मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. वर पियात्सा काहेनला उतरलं की जवळच सान पात्रित्सिओची विहीर. 1527 मध्ये रोमची लूट झाली तेव्हा सातवा क्लेमेंट हा पोप पळून ओर्विएतोला आला. वेढा पडला तर पाण्यावाचून मरू, या भीतीने त्याने ती खणायला लावली. अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराचं काम, पुरं झालं 1537 मध्ये, क्लेमेंट वारल्यानंतर. सुमारे 53 मीटर खोल. भिंतीतून एकमेकांत गुंफलेले पण एकमेकांना कुठेही न मिळणारे दोन गोल जिने, प्रत्येकी 248 पायऱ्यांचे. पाणी आणायला जाणारी खेचरं एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत, म्हणजे वाटेत समोरासमोर कोंडी होत नसे.

यजमानांनी ती उतरू नये, या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत. तुम्हालाही उतरलंच पाहिजे असं नाही. दिवसभरात एक मनोरा आणि एक राजवाडा झाला असेल तर इथे दोघांनी मिळून लहान बसने कॅथेड्रलच्या चौकात जावं असं मी सुचवेन. त्याच्या दर्शनी भागावर सोनेरी मोझेइक आहे आणि तोंड पश्चिमेकडे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट त्यावर पडतं. दिवसाच्या शेवटी दोघांनी एकत्र बसून बघायला याहून बरं काही नाही. विहीर राहिली तर राहू दे. तीन गावं एका दिवसात कोंबणारा कार्यक्रम कंपनीने आखलाय, तो पुरा करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ‘पैसे भरलेत, परत कधी येणार’ या विचाराने माणसं दुखऱ्या पायांनी सगळीकडे फरफटत जातात आणि रोमचे पुढचे दिवस हॉटेलच्या खोलीत काढतात. हिशेब करायचाच तर त्या दिवसांचाही करा.

आता ग्रुपचं. लोक खोळंबतील ही तुमची काळजी अगदीच निराधार नाही. चालकाच्या तासांचं बंधन असल्यामुळे अर्ध्या तासाच्या उशिरानेही टूर मॅनेजरचं गणित बिघडतं. पण ग्रुप खोळंबतो तो बहुधा खरेदीत रमलेल्यांमुळे आणि रस्ता चुकलेल्यांमुळे. आपली मर्यादा ओळखून ग्रुपपासून वेगळं बसलेलं आणि वेळेआधी वेशीवर आलेलं जोडपं कोणालाही अडवत नाही. आणि ग्रुपमध्ये असे तुम्ही एकटेच असाल हेही शक्य वाटत नाही. साठीच्या पुढच्या माणसांच्या ग्रुपमध्ये कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाचा दमा असतोच. तुमचे यजमान चौकात टेबल धरून बसले की तासाभरात तिथे आणखी दोन खुर्च्या लागतील.

त्यासाठी टूर कंपनीशी आत्ताच बोला, विमानात बसल्यावर नको. लेखी विचारा, म्हणजे उत्तर हातात राहतं. प्रत्येक गावात कोच नेमका कुठे उतरवणार आणि कुठून घेणार? दोन्ही जागा एकच आहेत का? गावात मोकळा वेळ किती? स्थानिक गाइड किती वेळ फिरवणार, आणि आम्ही चौकापर्यंत येऊन पुढे गाइडसोबत गेलो नाही तर चालेल ना? टॅक्सीची सोय करून द्याल का? उत्तर गोलमाल आलं तर पुन्हा विचारा. तुम्ही पैसे मोजून घेतलेली सेवा आहे, उपकार नाहीत.

वेगळं बसायचं तर काही व्यवस्था दोघांनीही करून ठेवायला हवी. दोघांच्याही फोनमध्ये इंटरनॅशनल रोमिंग सुरू असावं, एकाच्याच फोनवर भरवसा नको. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. भेटण्याच्या जागेचं आणि वेशीचं नाव कागदावर लिहून दोघांच्या खिशात, सोबत टूर मॅनेजरचा नंबर. युरोपात आणीबाणीचा नंबर 112. दोघांकडेही वेगवेगळे थोडे युरो रोख आणि सुटी नाणी असावीत, सार्वजनिक स्वच्छतागृहाला लागतात. औषधं यजमानांच्या स्वतःच्या पिशवीत असू द्या, तुमच्या पर्समध्ये नको. पाण्याची बाटली आणि टोपी तर हवीच. घडी होणारी काठी घ्या, खाली चांगलं रबर असलेली. ती ठाण्यातच वापरायला लागा, म्हणजे तिथे पहिल्यांदा हातात धरल्यासारखी वाटणार नाही. नवे बूट घेणार असाल तर आत्ता घ्या आणि रोज घालून चाला. व्हीलचेअरचा विचार तुमच्या पत्रात नाही, पण इतर वाचक विचारतील म्हणून सांगते : या गावांच्या दगडी चढांवर ती ढकलणं ताकदीच्या माणसालाही जड जातं. जे अजिबात चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी अशा दिवसाऐवजी सपाट शहरांची टूर निवडणं बरं.

अशीच टूर निवडण्याच्या विचारात असलेल्या इतरांसाठी एवढंच, की पत्रकातली गावांची संख्या मोजू नका. एका दिवसात एकच टेकडीवरचं गाव आणि तिथे चार तास देणारी टूर ही तीन गावं देणाऱ्या टूरपेक्षा म्हाताऱ्या आई-वडलांना केव्हाही बरी. आणि ‘फोटो स्टॉप’ असं लिहिलेलं गाव म्हणजे बहुतेकदा बसच्या खिडकीतून किंवा रस्त्याच्या कडेने पाहायचं गाव, हे आधीच समजून घ्या.

नणंदबाईंना काय सांगायचं हेही तुम्ही विचारलंत, तर फार काही सांगू नका. त्यांच्या बोलण्यामागे भावाची काळजी आहे, ती खोटी नाही. पण त्या ज्याला ‘टाकून जाणं’ म्हणतायत तसं काही इथे होणारच नाहीये. बायको शंभर पावलांवरच्या दालनात गेली आणि नवरा सावलीत हौदासमोर कॉफी पीत बसला, यात कोणी कोणाला टाकलेलं नाही. ही आखणी यजमानांनीच त्यांना फोनवर सांगितली तर प्रश्नच उरत नाही. तुम्ही सफाई द्यायला गेलात तर तो तुमचा अपराध ठरेल.

यजमानांशी बोलताना गुडघ्यांपासून सुरुवात करू नका. सिएनाच्या भुयारी कालव्यांपासून करा. विहिरीचे दोन जिने कागदावर काढून दाखवायला सांगा, आणि मग विचारा, की या तीन ठिकाणी मला तुम्ही गाइड व्हाल का, कारण हे मला समजावून सांगणारं दुसरं कोणी नाही. हे त्यांना खूश करण्यासाठी म्हणायचं नाही, ते खरंच आहे. भुयारातून पाणी कसं खेळवलं हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळेल. जायच्या आधी त्यांनी वाचून ठेवलं तर उत्तमच. आणि एवढं झाल्यावरही ते म्हणाले, की नाही, मला खरंच शांत बसायचंय, तर ते मान्य करा. कॅफेत पेपर वाचत बसणं हाही सुट्टीचा चांगला उपयोग आहे. त्यांच्या ‘तू जा’ वर विश्वास ठेवून तुम्ही जा.

शेवटचं, पण करायचं मात्र सगळ्यांत आधी. या आठवड्यात त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि त्या दिवसाचा कार्यक्रम छापून त्यांच्यासमोर ठेवा. किती चालणं झेपेल, तोपर्यंत कोणते व्यायाम करायचे, लांबच्या विमानप्रवासात आणि कोचमध्ये पाय कसे हलवत राहायचे, दुखलं तर कोणती गोळी किती घ्यायची, हे सगळं त्यांच्याकडूनच घ्या. ग्रुपमधल्या कोणी प्रेमाने दिलेली गोळी घेऊ नका. प्रिस्क्रिप्शनची इंग्रजी प्रत आणि विम्याचे कागद सोबत ठेवा, विम्यात जुनं दुखणं नोंदवलेलं आहे ना ते पाहा. डॉक्टर म्हणाले की हा दिवस नकोच, तर टूर रद्द करायची तरीही गरज नाही. फ्लॉरेन्सहून रोमला वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आसपास लागतो. त्या दिवशी दोघांनी सकाळ फ्लॉरेन्समध्ये सावकाश घालवावी, दुपारच्या गाडीने रोमला जावं आणि संध्याकाळी हॉटेलवर ग्रुपला गाठावं. मोठं सामान कोचमधून पाठवता येईल का आणि रोममधल्या हॉटेलची खोली लवकर मिळेल का, हे टूर कंपनीला वरच्या प्रश्नांसोबतच विचारून घ्या. रेल्वेची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त पडतात.